मानसतज्ज्ञ घडावा तो शाळेतच

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. निकाल देताना न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी आणि त्याने मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे. विद्यार्थी शंभरापेक्षा कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावे. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत.

कर्नाटकाच्या महाराष्ट्राला लागून असलेल्या सीमाभागातल्या, म्हणजे बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या मराठी शाळांसाठी या निकालाने एक अवघड प्रश्न उभा केला आहे. अशी माणसे आणायची कुठून? त्यांना कोण, कुठे आणि कोणत्या भाषेत तयार करणार? या प्रश्नाच्या दोन बाजू सीमाभागातल्या शिक्षकांत आणि मानसशास्त्र शिकलेल्या तरुणांत सहज ऐकू येतात. त्या इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. माणसे कल्पनेतली आहेत, मुद्दे खरे आहेत. ‘सर’ निपाणीकडच्या मराठी हायस्कुलातून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. ‘ताई’ त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, मानसशास्त्रात एम.ए. झालेली आणि आता बेळगावच्या शाळांतून मुलांबरोबर काम करणारी.

सर : निकाल वाचला, पटलाही. पण पोरी, मला एक सांग. पंचवीस-तीस वर्षं वर्गावर गेलेल्या बाईंना पोराच्या चेहऱ्यावरून कळतं, आज घरात काहीतरी बिनसलंय. हे त्यांना कुठल्या विद्यापीठानं शिकवलं? अशा बाईंना चार-सहा महिन्यांचं चांगलं प्रशिक्षण द्या, काम होतंय की. त्याच निकालात म्हटलंय, सगळ्या शिक्षकांना वर्षातून दोनदा याचं प्रशिक्षण द्या. शिवाय २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, यासाठी तयार करायची योजना आहे. मग पदव्युत्तर शिकलेलाच माणूस हवा, हा तुझा आग्रह कशाला?

ताई : बाईंना कळतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, सर. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पोर वर्गात गप्प बसतं. कारण काय? कमी ऐकू येत असेल. वाचताना अक्षरं लागत नसतील. घरात मारहाण असेल. कुणी अंगाला हात लावला असेल. बाहेरून चारही पोरं सारखीच दिसतात, उपाय मात्र चार वेगळे. आणि शेवटच्या कारणात तर कायदा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार असा गुन्हा कळला की तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. “बाई, कुणाला सांगू नका” असं मुलगी म्हणाली आणि बाईंनी मायेपोटी शब्द दिला, तर एक तर शब्द मोडतो, नाहीतर कायदा. शब्द न देता तिला बोलतं कसं करायचं आणि पुढं तिला एकटं पडू द्यायचं नाही, ही कसबाची गोष्ट आहे. दोन दिवसांच्या शिबिरात ती हाताला लागत नाही.

सर : एवढं अवघड प्रकरण शाळेत रोज येत नाही. रोजचं काय असतं? परीक्षेची भीती, मारामाऱ्या, अभ्यासात लक्ष नाही, मोबाइल. याला शिक्षक पुरेत.

ताई : मलाही तसंच वाटायचं. पण याची तपासणी झाली आहे. गोव्याची ‘संगात’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करते. तिच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक सरकारी शाळांत एक प्रयोग केला. काही शाळांत ‘सेहर मित्र’ म्हणून बाहेरचा प्रशिक्षित माणूस दिला. काही शाळांत तेच काम शाळेतल्याच शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवलं. बाकीच्या शाळा होत्या तशाच ठेवल्या. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. सेहर मित्र होता त्या शाळांत वातावरण सुधारलं, दांडगाई आणि मारहाण कमी झाली, नैराश्याची लक्षणं घटली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत, काहीच न केलेल्या शाळांच्या तुलनेत फरक पडला नाही.

सर : शिक्षक कमी पडले म्हणतेस?

ताई : शिक्षकांवर आधीच वर्ग, परीक्षा, जनगणना, निवडणूक, माध्यान्ह भोजनाचे हिशेब. वर हे काम. आणि दुसरी गोष्ट आहे ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याच्या हातात गुण आहेत आणि ज्याची तक्रार करायची आहे, त्याच्याजवळ मूल मन मोकळं करील का? गणिताच्या सरांची भीती वाटते हे मूल गणिताच्या सरांना कसं सांगणार?

सर : हे मान्य. पण तू दिलेला दाखला तुझ्यावरच उलटतो. ते सेहर मित्र काही मानसशास्त्राचे एम.ए. नव्हते ना?

ताई : नव्हते.

सर : मग? म्हणजे साधा, स्थानिक, नीट शिकवलेला माणूस पुरे झाला. पदव्युत्तर मानसतज्ज्ञाची गरज आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

ताई : सर, तुम्ही वर्गातही असंच कोंडीत पकडायचात. पण पुढं बघा. त्या मित्रांसाठी अभ्यासक्रम कुणी लिहिला? त्यांना शिकवलं कुणी? अडलं तर त्यांनी विचारायचं कुणाला? त्यांच्या पाठीशी जाणकार माणसं होती. माझं म्हणणं इतकंच, की प्रत्येक शाळेत एम.ए. झालेला माणूस बसवायला नको. पण दहा-पंधरा शाळांच्या समूहाला एक तरी असा माणूस हवा, जो शिक्षकांना आणि सेहर मित्रांसारख्या शाळामित्रांना तयार करील, त्यांनी आणलेली प्रकरणं तपासील आणि कठीण मूल स्वतः हाताळील. आज सीमाभागातल्या मराठी शाळांना ही दुसरी पायरीच नाही. शिक्षकाच्या वर थेट मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्था, धारवाडचं डिमहान्स नाहीतर बेंगळुरूचं निम्हान्स. मधे कुणी नाही.

सर : बरं, मधली पायरी हवी हे धरून चालू. आता माझी खरी अडचण ऐक. हा माणूस कोणत्या भाषेचा असणार? १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. पण त्याच १९५६ मध्ये सातवी घटनादुरुस्ती झाली आणि ३५० अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं त्यात आहे. मग शिक्षण मातृभाषेत आणि मनातलं दुःख मात्र कन्नड किंवा इंग्रजीत सांगायचं, हे कसं चालेल? मूल रडतं ते घरच्या भाषेत. पुस्तकातली प्रमाण मराठी जाणणारा पुण्याचा माणूस आणला तरी आमच्या पोरांचं बोलणं त्याला अर्धं कळणार.

ताई : हा मुद्दा मी शंभर टक्के मानते. मी तर एक पाऊल पुढं जाते. इथल्या मानसतज्ज्ञाला नुसती मराठी येऊन भागणार नाही, कन्नडही वाचता-लिहिता आली पाहिजे. कारण आपली मुलं दोन लिपींत एकाच वेळी शिकतात, इंग्रजी धरली तर तीन. एक उदाहरण सांगते. समजा पाचवीतल्या एका मुलाची वही समोर आली. मराठीत तो ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी विसरतो, नाहीतर अक्षर लिहून झाल्यावर मागाहून कुठंतरी चिकटवतो. ‘सूर्य’ लिहिताना रफार ‘य’च्या डोक्यावर न देता पुढं काहीतरी खूण करतो. जोडाक्षर आलं की दुसरं अक्षर खाली लोंबतं. वर्गशिक्षक म्हणतात, निष्काळजी आहे. बाहेरून आलेला तपासनीस म्हणतो, अध्ययन अक्षमता आहे.

सर : आणि खरं काय?

ताई : वहीवरून लगेच सांगता येत नाही, हेच खरं. पण कन्नड येणाऱ्या माणसाला एक शंका नक्की येईल. कन्नडमध्ये इकाराची खूण अक्षराच्या डाव्या बाजूला येत नाही, ती अक्षराच्या माथ्यावर जुळते, म्हणजे हात आधी अक्षराकडे जातो. आपला रफार कन्नडमध्ये अर्कावत्तू होतो आणि अक्षराच्या नंतर, उजवीकडे लिहिला जातो. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन ओत्तक्षर होऊन खाली जातं. म्हणजे या मुलाच्या तिन्ही चुका कन्नडच्या वळणानं झालेल्या असू शकतात. त्याचा हात दोन लिपींत घोटाळतोय. त्याला चार महिने नीट सराव दिला तर बहुधा सुटेल. पण तोच मुलगा मराठीत वाचताना अडखळत असेल, कन्नडमध्येही अडखळत असेल, ऐकलेला शब्द ध्वनींमध्ये फोडता येत नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा रीतसर चाचणी हवी. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाची डिस्लेक्सियाची चाचणी तयार केली आहे, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. तिचा पहिलीपासून पाचवीपर्यंतचा चाळणीचा भाग शिक्षक वापरू शकतात. मूल त्या चाळणीत अडकलं तर पुढची तपासणी मात्र प्रशिक्षित मानसतज्ज्ञानं करायची. आपल्या मुलांना लागणाऱ्या दोन्ही भाषा त्या चाचणीत आहेत, ती दोन्ही भाषांत घेऊ शकेल असा माणूस आपल्याकडं हवा.

सर : चाचण्यांचीच मला धास्ती वाटते. एकदा का पोराच्या कपाळावर शिक्का बसला, की आई-बापही आशा सोडतात. “माझ्या पोराला येड लागलंय काय?” म्हणून पालक अंगावर येतात ते वेगळंच. आणि या चाचण्या परक्या मुलांवर बेतलेल्या.

ताई : परक्या मुलांवर बेतलेली चाचणी आपल्या मुलांवर लादू नये, हे आपल्या मुलखात नव्वद वर्षांपूर्वी कुणाला तरी कळलं होतं. बिनेनं १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळकरी मुलांसाठी बुद्धिमापनाची चाचणी केली. अमेरिकेत तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती आपल्याकडच्या मुलांसाठी बेतली. १९३४ मध्ये ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच आहे, कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी. धारवाड, बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. दोन भाषांची मुलं एका चाचणीत सामावण्याची गरज या पट्ट्यात तेव्हाच ओळखली गेली. ‘बिने-कामत’ नावानं ती चाचणी देशभर गेली, आजही दवाखान्यांत वापरली जाते.

सर : हे मला ठाऊक नव्हतं. पण मग नव्वद वर्षांत आपण इथं पुढं काय केलं?

ताई : तेच दुखणं आहे. १९३७ मध्ये मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेनं देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र काढलं. पुढं नागपुरात डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन श्रेणी केली, तीही मराठीत झाली. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. ते स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक. तिथल्या मानसशास्त्र संस्थेनं शालेय मानसशास्त्राची पदव्युत्तर पदविका चालवली. म्हणजे मराठीत हे काम शिकवण्याची परंपरा आहे. सीमाभागापर्यंत मात्र ती पोचली नाही. शिक्क्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, म्हणून तर प्रशिक्षण हवं. अर्धवट शिकलेला माणूस आकडा काढतो आणि पालकांच्या हातात देतो. नीट शिकलेला माणूस आकडा शेवटी बघतो. आधी मूल बघतो, घर बघतो, डोळे-कान तपासून घेतो, हजेरीपट चाळतो. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली आहे. योग्य प्रमाणपत्र मिळालं तर त्याच मुलाला परीक्षेत सवलत मिळते. ज्याला तुम्ही शिक्का म्हणता, तो योग्य हातांनी दिला तर मुलाच्या कामाला येतो.

सर : ठीक. आता मला सांग, आमच्या निपाणीच्या एखाद्या मुलीला हे शिकायचं असेल तर तिनं जायचं कुठं? तिची पदवी बहुधा अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजातली असेल. कॉलेज निपाणीच्या वेशीवर, पण तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. तिची शाळा कर्नाटकातली, पदवी महाराष्ट्रातली. पुढं?

ताई : पुढचे रस्ते मी मोजून पाहिले आहेत. पहिला रस्ता एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका. एक वर्षाची आहे. सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने शाळेत काम. रचना चांगली आहे. पण कर्नाटकाच्या वाट्याला म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था येते आणि महाराष्ट्राच्या वाट्याला भोपाळची. निपाणीच्या माणसानं म्हैसूरला जायचं आणि चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरच्या माणसानं भोपाळला. दोघांनाही घरापासून दूर आणि मराठी शाळेपासूनही दूर. दुसरा रस्ता चिकित्सा मानसशास्त्राचा, भारतीय पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेचा. त्यात रुग्णालयातलं प्रशिक्षण फार कसून होतं. पण ते रुग्णालयातलं. जागा मोजक्या. शाळेची घंटा, मधली सुट्टी, पालकसभा, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं ऑफिस यांचा त्यात संबंध येत नाही. शिवाय ज्या एम.फिल. पदवीवर ही वाट उभी होती, तीच नव्या शैक्षणिक धोरणानं बंद करायचं ठरवलं. तिसरा रस्ता गरिबांचा होता. नोकरी सांभाळून, संसार सांभाळून दूरस्थ शिक्षणानं मानसशास्त्रात एम.ए. करायचं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली.

सर : म्हणजे तोही दरवाजा बंद. आमच्या कितीतरी मुलींना तेवढाच एक उघडा होता.

ताई : बंद झाला याचं मला दुःख आहे, पण कारण मला पटतं. माणसाच्या मनाशी काम करायला पुस्तक वाचून, टपालानं स्वाध्याय पाठवून शिकता येत नाही. कुणीतरी शेजारी बसून चुका दाखवाव्या लागतात. आयोगानं बंदी घातली ती बरोबर. आता सीमाभागात पर्याय उभा करणं, ही पुढची जबाबदारी कुणीतरी उचलायला हवी.

सर : शेजारी बसून म्हणजे नक्की काय? आम्हालाही बी.एड.ला पाठ घेताना मागं मास्तर बसायचे. पाठ संपला की चार शेरे लिहायचे.

ताई : तसंच, पण रोज आणि जास्त बारकाईनं. शिकाऊ मुलगी मुलाला भेटून आल्यावर नोंद लिहिते. समजा तिनं आठवीतल्या मुलीबद्दल लिहिलं, “विद्यार्थिनी एकलकोंडी आहे. आत्मविश्वास कमी. अभ्यासात रस नाही.” मार्गदर्शक ही तिन्ही वाक्यं खोडतो आणि विचारतो, तू बघितलंस काय? ती पुन्हा शाळेत जाते. दोन दिवसांनी लिहून आणते : मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी तीनदा हाक मारली, ती बाकावर डोकं ठेवून होती. दुसऱ्या तासाला रोज झोप लागते. उजव्या हाताच्या बोटांची टोकं तपकिरी आहेत, नखांत तंबाखूची भुकटी आहे. आता मार्गदर्शक म्हणतो, तिच्या घरी जा. घरी गेल्यावर दिसतं, आई विड्या वळते, हजारावर मजुरी आहे, आणि मुलगी रात्री उशिरापर्यंत पानं कातरते, दोरा बांधते. एकलकोंडी, आत्मविश्वास नाही, रस नाही, हे तिन्ही शेरे गळून पडले. मुलगी थकलेली आहे. आता समुपदेशन मुलीचं करायचं, का आईशी बोलायचं, का शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, का मुख्याध्यापकांना सांगून पहिल्या दोन तासांचं काही बघायचं, याचा विचार सुरू होतो. हे निपाणीत शिकलेल्याला समजेल. मोठ्या शहरातल्या आलिशान शाळेत उमेदवारी केलेल्याला त्या तपकिरी बोटांचा अर्थ लागणार नाही.

सर : पोरी, अशा मुली माझ्या वर्गात दरवर्षी असायच्या. आम्हाला ते ठाऊक असायचं. पण पुढं काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

ताई : म्हणूनच म्हणते, तुमची माहिती आणि माझं शास्त्र एकाच अभ्यासक्रमात यायला हवं. अमेरिकेत शालेय मानसतज्ज्ञ व्हायला पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटी बाराशे तासांची उमेदवारी करावी लागते आणि त्यातले निदान सहाशे तास शाळेतच घालवावे लागतात, असा तिथल्या राष्ट्रीय संघटनेचा दंडक आहे.

सर : अमेरिकेत पाचशे मुलांमागं एक मानसतज्ज्ञ असावा म्हणतात. आमच्याकडं पाचशे मुलांमागं गणिताचा शिक्षक मिळेना झालाय. जागा रिकाम्या, मराठी शाळांतली पटसंख्या घसरतेय, अतिथी शिक्षकांवर गाडा ओढायचा. तुझ्या मानसतज्ज्ञाला पगार कोण देणार? आणि नेमलाच एखादा, तर काय होईल ते मी सांगतो. पहिल्या आठवड्यात त्याला कुणी तरी रजेवर आहे म्हणून बदली तासावर पाठवतील. दुसऱ्या महिन्यात परीक्षेच्या पर्यवेक्षणावर. वर्षाअखेर तो समाजशास्त्र शिकवत असेल. संगीत शिक्षकाचं, ग्रंथपालाचं हेच झालेलं मी पाहिलंय.

ताई : ही भीती माझीही आहे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची अट आहे, म्हणून शहरातल्या मोठ्या शाळा नेमतात. राज्य मंडळाच्या मराठी शाळेनं पदरमोड करून नेमावं, असं मी म्हणणार नाही. म्हणून मी समूहाचा आग्रह धरते. न्यायालयानं ‘नेमा’ म्हणताना ‘सेवा घ्या’ हा पर्यायही ठेवला आहे. दहा-पंधरा शाळांना मिळून एक माणूस, आणि त्याचं कार्यालय एखाद्या शाळेत नको, गटाच्या ठिकाणी असावं. कर्नाटकात गटपातळीवर समावेशक शिक्षणाचे विशेष शिक्षक आहेत, बीआयईआरटी. त्यांच्या जोडीला हा माणूस बसेल. कोणत्याही एका मुख्याध्यापकाच्या हाताखाली तो नसेल, म्हणून बदली तासही येणार नाहीत.

सर : आणि शिकणाऱ्या मुलांची फी? वर्षभर बिनपगारी उमेदवारी फक्त खात्यापित्या घरची मुलं करू शकतात. मग पुन्हा तेच होणार. शिकणारी मुलं एका वर्गातली आणि शाळा दुसऱ्या वर्गाच्या.

ताई : हे बोललात ते फार मोलाचं आहे. उमेदवारीच्या वर्षाला विद्यावेतन हवंच. त्याशिवाय हा अभ्यासक्रम काढू नये.

सर : मग माझ्या आणखी दोन अटी ऐक. शिकवणाऱ्यांत आमच्यासारखे शिक्षक असले पाहिजेत. नुसतं भाषणाला बोलवायचं नाही. उमेदवारांचं मूल्यमापन करताना त्या शाळेच्या शिक्षकांचं मत गुणांत धरलं पाहिजे. दुसरी अट, हे केवळ मराठी शाळांसाठी करू नका. विड्या वळणाऱ्या बाईची कन्नड बोलणारी मुलगीही तेवढीच थकते. मराठी मुलांना मराठीत मदत मिळाली पाहिजे, यावर मी मरेपर्यंत ठाम राहीन. पण मदत देणारा माणूस दोन्ही भाषांचा असला तर त्याला इथं कुणी परका म्हणणार नाही.

ताई : दोन्ही अटी मान्य. उलट मला वाटतं, सीमाभागात दोन्ही भाषांत काम करणारा शालेय मानसतज्ज्ञ तयार झाला तर त्याचा उपयोग सोलापूर, सांगली, बिदर, कारवार, सगळ्या पट्ट्याला होईल. जिथं जिथं मूल एका भाषेत झोपतं आणि दुसऱ्या भाषेत शाळेत जातं, तिथं.

सर : आणि माझा जुना मुद्दा? शिक्षकांना प्रशिक्षण द्या, हा?

ताई : तो सोडायचा नाही. मूल पहिल्यांदा ओळखणार ते शिक्षकच. त्यांना वर्षातून दोनदा शिकवायचं न्यायालयानं सांगितलंय. ते शिकवायला कुणी तरी लागेल ना? तो माणूस बाहेरून आणण्यापेक्षा इथलाच असू दे.

संवाद इथे थांबवतो. दोघांत मतभेद अजून आहेत. सरांना अजून वाटते की शिक्षकाची नजर पदवीपेक्षा मोठी. ताईला अजून वाटते की नजरेला शास्त्राची जोड नसेल तर मूल चुकीच्या वाटेला लागते. मला दोघांचे पटते आणि दोघांच्या बोलण्यातून एकच निष्कर्ष निघतो, असे वाटते. सीमाभागाला पदव्युत्तर शिक्षण घेतलेले शालेय मानसतज्ज्ञ हवेत आणि त्यांचे शिक्षण सीमाभागातल्या शाळांतच व्हायला हवे.

यासाठी लागणारे जवळजवळ सारे काही शंभर-दीडशे किलोमीटरच्या परिघात आहे. बेळगावात २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. कोल्हापुरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि डिमहान्स आहे. त्या परिघाबाहेर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचा अनुभव आहे. या संस्थांनी मिळून शालेय मानसशास्त्राची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका बेळगावात सुरू करावी. मानसशास्त्रात एम.ए. झालेल्यांना आणि त्याच विषयाची पार्श्वभूमी असलेल्या अनुभवी शिक्षकांना तिच्यात प्रवेश असावा. मराठी आणि कन्नड दोन्ही येणे ही अट असावी. जूनमध्ये शाळा उघडताना उमेदवारी सुरू व्हावी आणि दहावीची (एसएसएलसी) परीक्षा होईपर्यंत चालावी, म्हणजे शाळेचे संपूर्ण वर्ष उमेदवाराच्या डोळ्यांखालून जाईल. निम्मा वेळ मराठी शाळेत, निम्मा कन्नड शाळेत. आठवड्यातून एकदा मार्गदर्शकासमोर नोंदी वाचल्या जाव्यात. विद्यावेतन मिळावे. बाहेर पडणाऱ्यांना गटपातळीवर शाळासमूहासाठी नेमावे.

दोन्ही राज्यांचे सीमाप्रश्नावर मतभेद आहेत आणि ते न्यायालयात आहेत. या पदविकेला त्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्र शासन सीमाभागातल्या ८६५ गावांवर हक्क सांगते, तर त्या गावांतल्या मुलांच्या मनाच्या आरोग्यासाठी त्याने विद्यावेतनाचा भार उचलावा. कर्नाटक शासन त्या शाळा चालवते, तर त्याने उमेदवारांना शाळांची दारे उघडी करावीत आणि पुढे नेमणुका द्याव्यात. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवर बसलेल्या प्राध्यापकांनी हा प्रस्ताव लिहून मांडावा. शाळांच्या विकास व देखरेख समितीवर (एसडीएमसी) बसलेल्या पालकांनी पुढच्या सभेत मुख्याध्यापकांना सरळ विचारावे, आपल्या शाळेत शंभरावर मुले आहेत, न्यायालयाने सांगितलेला प्रशिक्षित माणूस आपण कुठून आणणार आहोत? हा प्रश्न पुरेशा शाळांतून विचारला गेला, तर उत्तर देणे विद्यापीठांना आणि दोन्ही सरकारांना भाग पडेल.